मुलगा फुटबॉल कोच व्हायचं म्हणतोय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा ओहायोतल्या एका छोट्या खाजगी कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, तिथे अमेरिकन फुटबॉल खेळतो, अकाउंटिंगची नोकरी हातात आलेली आहे, आणि थँक्सगिव्हिंगला घरी येऊन त्याने जेवताना सांगितलं की मला कोच व्हायचंय, तेही अशाच एखाद्या छोट्या कॉलेजात. तुम्ही विचारलंय: यात पोट भरतं का, पुढे जाता येतं का, की हे नुसतं वेड आहे?

मी हे काम २९ वर्षं केलं, आता थांबलोय. मूळचा कोल्हापूरचा. नऊ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर ॲक्रनला आलो. आजोबा तालमीतले, त्यामुळे अंगात रग होती. हायस्कूलच्या कोचने ती बघून मला लाइनमध्ये, म्हणजे समोरच्याला अंगाने रेटणाऱ्या पुढच्या फळीत, उभं केलं. कॉलेजात त्याच फळीत गार्ड म्हणून खेळलो, तिसऱ्या वर्षी गुडघा गेला, आणि १९९५ साली कोचनी माझ्या हातात शिट्टी दिली. त्यानंतर पाच कॉलेजं, चार राज्यं, सात घरं. त्यातली नऊ वर्षं हेड कोच. म्हणजे जे सांगतोय ते भोगून सांगतोय.

पोट भरतं. पण उशिरा, आणि मधली बरीच वर्षं बायकोच्या पगारावर. हे थट्टेत घेऊ नका. माझी बायको नर्स आहे. मला नोकरीतून आरोग्यविमा मिळाला तो वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. तोवर तिच्याच विम्यावर होतो. आणि दर दोन-तीन वर्षांनी मी नवीन गावाचं नाव घेऊन घरी आलो की तिने बिनतक्रार नवीन हॉस्पिटल शोधलं. बिनतक्रार म्हणजे माझ्यासमोर बिनतक्रार.

आता मूळ मुद्दा. तुमच्या मुलाला वाटतंय की कोचचं काम म्हणजे फुटबॉल शिकवणं. खेळाडू म्हणून त्याला तेवढंच दिसतं, त्यात त्याची चूक नाही. पण छोट्या कॉलेजात कोच ठेवतात तो मुख्यतः मुलं आणण्यासाठी. हे एकदा समजलं की या धंद्यातल्या बाकी सगळ्या गोष्टींचा उलगडा होतो: पगार, बढती, हकालपट्टी, सगळ्याचा.

तुमच्या मुलाचं कॉलेज बहुधा एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेच्या, डिव्हिजन थ्रीमध्ये असेल. १९७३ पासून हा वेगळा विभाग आहे आणि त्याचा पहिला नियम असा की खेळाची शिष्यवृत्ती द्यायची नाही. एक डॉलरही नाही. टीव्हीवर जी प्रचंड स्टेडियमं दिसतात ती वरच्या विभागातली. इथे सुमारे २४० कॉलेजं फुटबॉल खेळतात आणि शनिवारी दुपारी एक वाजता बाकांवर असतात आईबाप, मैत्रिणी, गावातले निवृत्त लोक आणि एक हॉटडॉगवाला. तिकिटांतून मैदानाच्या रंगाचा खर्चही निघत नाही.

मग कॉलेज हा शंभर मुलांचा, हेल्मेटांचा, बसगाड्यांचा संसार कशासाठी पोसतं? हिशेब करून बघा. बाराशे विद्यार्थ्यांचं कॉलेज. फुटबॉलच्या चमूत ११० मुलं. शिष्यवृत्ती नाही, म्हणजे सगळे फी भरणारे. कॉलेजची स्वतःची सवलत वजा जाता समजा प्रत्येकाकडून वर्षाला २० हजार डॉलर पदरात पडले, तर वर्षाचे २२ लाख. फुटबॉलचा सगळा खर्च यात आरामात बसतो आणि वर शिल्लक राहते. शिवाय अशा कॉलेजांत मुलगे कमी आणि मुली जास्त अशी स्थिती असते. फुटबॉल सुरू केला की एका वर्षात मुलगे येतात. गेल्या काही दशकांत कितीतरी छोट्या कॉलेजांनी फुटबॉल नव्याने सुरू केला तो याच कारणासाठी.

हेड कोचच्या माझ्या पहिल्या मुलाखतीत डिफेन्सबद्दल, म्हणजे बचावाच्या खेळाबद्दल, एक प्रश्न आला आणि भरतीबद्दल नऊ. फीचा विषय निघाल्यावर आईबापांशी कसं बोलता, कुठल्या राज्यात तुमची ओळख आहे, पहिल्या वर्षाची मुलं दुसऱ्या वर्षी टिकतात का. नोकरी मिळाली, आणि पहिल्याच आठवड्यात प्रवेश विभागातून एक आकडा आला: ४५. पुढच्या ऑगस्टला ४५ नवीन मुलं.

वर्ष कसं जातं ते सांगतो. ऑगस्टमध्ये शिबिर. बाकीचं कॉलेज रिकामं असतं आणि मैदानावर फक्त आम्ही. उन्हाने मुलं दगावू नयेत म्हणून पहिले दिवस नुसतं हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, मग पूर्ण साज असा क्रम नियमाने ठरलेला आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दहा सामने. सोमवारी प्रतिस्पर्ध्याची फिल्म, मंगळवार-बुधवारी अंगमोड सराव. तोही सव्वाचारनंतर, आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असलेली मुलं पाचला धापा टाकत येणार. त्यांना रागवायची सोय नाही, कारण इथे प्रयोगशाळा आधी. शनिवारी सामना. शनिवारी रात्री धुणं.

हो, धुणं. माझ्या पहिल्या दोन कॉलेजांत कपडे धुणारा माणूसच नव्हता. सर्वांत धाकटा असिस्टंट धुणार. ६० जर्सी, ६० पँटी, गवताचे डाग, आणि पहाटे दोन वाजता ड्रायरचा आवाज. मैदानावर चुन्याच्या रेषा मी मारल्या आहेत, बसचं आरक्षण केलंय, सँडविच मोजलीत, हिवाळ्यात शंभर हेल्मेटं खोक्यांत भरून तपासणीला पाठवलीत. फिल्मसुद्धा सुरुवातीला व्हिडिओ टेपवर असायची. रविवारी पहाटे दोन्ही कॉलेजांच्या मधल्या एखाद्या पेट्रोल पंपावर मी आणि समोरचा असिस्टंट भेटून टेपांची अदलाबदल करायचो. आमच्या आधीच्या पिढीने हेच सोळा मिलिमीटरच्या रिळांचे डबे घेऊन केलं. २००६ साली नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये हडल नावाची कंपनी निघाली आणि हळूहळू सगळी फिल्म संगणकावर गेली. झोप वाढली, पण पेट्रोल पंपावरच्या त्या कॉफीत मला दोन नोकऱ्यांची बातमी लागली होती. ती सोय गेली.

नोव्हेंबर संपला की खरा मोसम सुरू होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी मी गाडीत राहायचो. दिवसाला पाच-सहा हायस्कुलं. तिथल्या कोचला भेटायचं, मुलांच्या गुणपत्रिका बघायच्या, संध्याकाळी घरी फोन. माझ्या हिशेबाने ४०० नावांतून १०० मुलं कॉलेज बघायला येतात, त्यातली पन्नासेक जागा राखण्यासाठी अनामत भरतात, आणि ऑगस्टमध्ये दारात चाळीस उभी असतात. बाकीची दहा? कुणाला जवळचं कॉलेज स्वस्त पडतं, कुणाची मैत्रीण दुसरीकडे गेली, कुणी सैन्यात गेलं. इथे बांधून ठेवणारा करार नसतो. जुलैच्या शेवटी ‘कोच, सॉरी’ एवढाच मेसेज येतो आणि तुम्ही भिंतीवरच्या फळ्यावरून एक नाव पुसता.

निर्णय आई घेते. हे मला कुणी शिकवलं नाही, स्वयंपाकघरांत बसून कळलं. बाप गुडघ्यांचं, वेगाचं बोलतो. आई विचारते की आजारी पडला तर कोण बघेल, आणि चार वर्षांनी कर्ज किती असेल. त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता यावं म्हणून मी सरकारी आर्थिक मदतीचा फॅफ्सा फॉर्म ओळनओळ पाठ केला होता. २०२३ च्या अखेरीस तो नवीन फॉर्म उशिरा आणि चुकांसकट आला. कॉलेजांना आकडे मिळायला मार्च उजाडला. त्या वसंतात मी रोज संध्याकाळी पंधरा-वीस घरी एकच वाक्य सांगत होतो: अजून आकडा आलेला नाही, थोडा धीर धरा. फुटबॉलचा एक शब्द नाही. हे ऐकून तुमच्या मुलाच्या कपाळाला आठी पडली, तर ती गोष्ट आत्ताच कळलेली बरी.

शिडी अशी आहे. पदवीनंतर ग्रॅज्युएट असिस्टंट, ज्याला सगळे जीए म्हणतात: एमएची फी माफ, थोडे हातखर्चाचे पैसे. मला वर्षाचे तीन हजार डॉलर, वसतिगृहातली खोली आणि मेसचं कार्ड मिळालं. मग एखाद्या फळीचा कोच, जोडीला ट्रॅक किंवा सॉफ्टबॉल बघायचं, शारीरिक शिक्षणाचे दोन तास घ्यायचे. मग ऑफेन्स (चढाई) किंवा डिफेन्सचा कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या सगळ्या बाजूचा प्रमुख. मग, नशीब असेल तर, हेड कोच. दर पायरीला बहुधा गाव बदलतं. कोचांची शंभर वर्षांहून जुनी संघटना दर जानेवारीत अधिवेशन भरवते. तिथे व्याख्यानं होतात म्हणे. आम्ही तरुणपणी हॉटेलच्या लॉबीत उभे असायचो, खिशात बायोडेटा, ओळखीचा चेहरा दिसतो का बघत. आळंदीच्या वाटेवर दिंडी चुकलेल्या वारकऱ्यासारखी अवस्था.

इथून वर जाता येतं का? येतं. लान्स लायपोल्डने विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजात आठ वर्षांत १०९ सामने जिंकले, सहा हरले, सहा राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. तिथून वरच्या विभागातलं बफेलो, आणि २०२१ पासून कॅन्सस. निक सिरियानी तुमच्याच ओहायोतल्या अलायन्स गावच्या माउंट युनियनला खेळला, तिथेच पहिली कोचिंगची नोकरी केली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचा हेड कोच म्हणून त्याने सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला. पोरं ही दोन नावं सांगतात. मीही सांगायचो. पण बाकीच्या दोनशे हेड कोचांची नावं कुणी सांगत नाही, आणि तुमचा मुलगा त्या दोनशेंत येण्याची शक्यता जास्त आहे. तेही हजार असिस्टंटांच्या गर्दीतून.

म्हणून मी मुलांना वर गेलेल्यांपेक्षा राहिलेल्यांबद्दल सांगतो. जॉन गॅग्लियार्डी. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावचा, इटालियन घरातला. १९४३ साली त्याच्या हायस्कूलचा कोच युद्धावर गेला, संघ बंद पडायची वेळ आली, तेव्हा सोळा वर्षांच्या या पोराने मीच शिकवतो म्हणून संघ चालवला. पुढे मोंटानातल्या कॅरल कॉलेजात चार वर्षं, आणि १९५३ मध्ये मिनेसोटातल्या सेंट जॉन्सला. बेनेडिक्टाइन साधूंचं कॉलेज, रानात वसलेलं. तिथे तो २०१२ पर्यंत राहिला. साठ मोसम! एकूण ४८९ विजय, कॉलेज फुटबॉलच्या सगळ्या विभागांत मिळून आजवरचा सर्वाधिक आकडा. मोठ्या विद्यापीठांतल्या कुठल्याही प्रसिद्ध कोचपेक्षा जास्त, आणि त्याच्या हाताखाली एकही खेळाची शिष्यवृत्ती नसलेली पोरं.

त्याची पद्धत ऐकली की माझ्या पिढीचे कोच हसायचे. सरावात एकमेकांना पाडायचं नाही. शिट्टी नाही. ढकलायची लोखंडी घसरगाडी नाही. वजनं उचलायची सक्ती नाही. सराव फार तर दीड तास. डास फार असले तर त्याहून कमी. कुणालाही संघातून काढायचं नाही, त्यामुळे दीडशेच्या वर पोरं मैदानात. आणि मला कोच म्हणायचं नाही, जॉन म्हणा. आमच्या आजोबांच्या तालमीत कुणी वस्तादाला नावाने हाक मारली असती तर त्याला त्या दिवशी हौदात उतरूच दिलं नसतं. पण नीट बघितलं तर जॉनचं डोकं हिशेबी होतं. शनिवारी सगळे धडधाकट हवेत, तर मंगळवारी त्यांना का मोडायचं? आणि कुणालाच काढलं नाही तर दीडशे घरांतली फी कॉलेजात राहते. हा दुसरा विचार त्याच्या मनात होता का कुणास ठाऊक, पण त्याचा फायदा साधूंना नक्की झाला. २०१६ मध्ये आयव्ही लीगने, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या नामांकित विद्यापीठांच्या गटाने, मोसमातल्या सरावात पाडापाडी बंद केली तेव्हा वर्तमानपत्रांनी ती क्रांती म्हणून छापली. सेंट जॉन्सला तोवर साठ वर्षं होऊन गेली होती.

२००३ च्या मोसमात त्याने ग्रँब्लिंगच्या एडी रॉबिन्सनचा ४०८ विजयांचा विक्रम मोडला आणि त्याच वर्षी डिव्हिजन थ्रीच्या अंतिम सामन्यात माउंट युनियनला २४-६ असं हरवलं. माउंट युनियन तोवर सलग ५५ सामने जिंकत आलं होतं. जॉन तेव्हा ७७ वर्षांचा होता. त्या अंतिम सामन्याला नाव आहे स्टॅग बोल. हे एमोस अलोन्झो स्टॅग शिकागो विद्यापीठात १८९२ पासून चार दशकं कोच होते. पुढे १९४७ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, पेन्सिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नावाच्या छोट्या कॉलेजात मुलाच्या मदतीला गेले. या धंद्यात निवृत्तीचं वय नसतं, ताई. हेही लक्षात ठेवा.

रॉबिन्सनबद्दल दोन वाक्यांत भागत नाही, पण सांगतो. लुइझियानातलं कृष्णवर्णीयांचं छोटं कॉलेज, १९४१. दक्षिणेतल्या गोऱ्या विद्यापीठांची दारं या मुलांना बंद. रॉबिन्सन गवत कापायचे, रेषा आखायचे, घोट्यांना पट्ट्या बांधायचे, आणि सामना संपल्यावर वर्तमानपत्रांसाठी बातमीही स्वतःच लिहायचे. १९९७ पर्यंत त्याच एका जागी राहून त्यांनी दोनशेच्या वर खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये पाठवले. त्यातला डग विल्यम्स १९८८ मध्ये सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, ठरला. मी पहाटे दोनला ड्रायरसमोर बसायचो तेव्हा मला रॉबिन्सनांचं गवत कापणं आठवायचं आणि थोडं बरं वाटायचं.

पण असं एका जागी राहणं आता कोचच्या हातात उरलेलं नाही. कारण कॉलेजच राहील याची खात्री नाही. इलिनॉयमधलं मॅकमरी २०२० मध्ये बंद झालं. मिशिगनच्या उत्तरेला फिनलँडिया नावाचं कॉलेज होतं. त्याने २०१५ मध्ये फुटबॉल सुरू केला आणि २०२३ मध्ये कॉलेजलाच टाळं लागलं. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न २०२४ मध्ये गेलं. अठरा वर्षांच्या मुलांची संख्या घटत चालली आहे, फी वाढत चालली आहे, आणि छोट्या खाजगी कॉलेजांची गंगाजळी आटत चालली आहे. म्हणून तुमच्या मुलाने पहिली नोकरी घेताना संघ किती जिंकतो हे बघण्याआधी कॉलेजची विद्यार्थीसंख्या पाच वर्षांत वाढली की घटली ते बघावं. ते आकडे उघड असतात. अकाउंटिंगवाला आहे, त्याला ताळेबंद वाचता येईल. मला येत नव्हता, आणि मी त्याची किंमत मोजली.

माझी हेड कोचची नोकरी गेली ती अशी. नवव्या वर्षी चार जिंकले, सहा हरलो. ते चालून गेलं असतं. त्या ऑगस्टला ४५ च्या जागी २९ मुलं आली होती. नोव्हेंबरात शेवटच्या सामन्यानंतरच्या सोमवारी बोलावणं आलं, वीस मिनिटांची भेट, टेबलावर एक कागद. कागदावर सामन्यांचा उल्लेखच नव्हता. मुलगी नववीत होती; तिने त्या वर्षी तिसरी शाळा बदलली. पुन्हा डिफेन्सिव्ह लाइनचा असिस्टंट म्हणून दुसरीकडे गेलो, आणि खरं सांगू का, मैदानावरची माझी सर्वांत सुखाची वर्षं ती होती. माझ्या वाट्याला फक्त चौदा पोरं, त्यांचे पाय, त्यांचे हात, आणि आकड्यांचा फोन दुसऱ्याच्या टेबलावर.

मान मिळतो का, हेही तुम्ही विचारलंय. आपल्या मंडळात नाही. गणेशोत्सवात कुणीतरी विचारतं, तुम्ही काय करता, आणि मी सांगितलं की पुढचा प्रश्न असतो, ‘ते ठीक, पण नोकरी?’ कॉलेजच्या गावात मात्र किराणा दुकानात माणसं थांबवून बोलतात. जुनी पोरं लग्नाला बोलावतात. मी आत्तापर्यंत ४१ लग्नांना गेलोय, आणि त्यातल्या एका नवऱ्यामुलाने मला हळदीचा अर्थ विचारून त्याच्या समारंभात ती लावून घेतली होती.

आता करायचं काय ते सांगतो. त्याला नाही म्हणू नका. नाही म्हटलं की हे वेड दहा वर्षं टिकतं. अकाउंटिंगची कंपनी रुजू होण्याची तारीख एक वर्ष पुढे ढकलते का ते त्याला विचारायला लावा. काही कंपन्या ढकलतात. आणि या जानेवारीत त्याने आपल्या कोचकडून भरतीची शंभर नावं मागून घ्यावी आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी फोन करावे. कोच आनंदाने देईल, त्याला माणूस हवाच असतो. शंभरातले सत्तर उचलणार नाहीत, वीस आईशी बोला म्हणतील. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो स्वतःहून फोनपाशी बसत असेल, तर जीएच्या जागांसाठी अर्ज करू दे.

अर्जात अकाउंटिंगची पदवी सगळ्यात वर लिहायला सांगा. पोरं ती लपवतात, खेळाडू म्हणून कमी वाटू नये म्हणून. मी हेड कोच असताना अर्जांच्या ढिगात नेहमी असा एकच माणूस शोधायचो, ज्याला बसचं बजेट आणि फॅफ्सा दोन्ही वाचता येईल. नऊ वर्षांत मला तो मिळाला नाही.